राजवाड्यातील ग्रंथांपासून गावातील वाचकापर्यंत
(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणतीही संस्था साठ वर्षांची झाली की आपल्या संचिताची मोजदाद करते. किती वर्गखोल्या बांधल्या, किती विद्यार्थी घडले, किती पारितोषिके मिळाली, हे अहवालात येते. त्या अहवालात ग्रंथालयासाठीही एक ओळ असते आणि तीत पुस्तकांची संख्या दिलेली असते. ती संख्या खरी असते, पण अपुरी असते. कपाटात किती पुस्तके आहेत हे ती सांगते; त्यांतील किती पुस्तके कोणाच्या हाती गेली, हे सांगत नाही. ग्रंथ जवळ असणे ही एक गोष्ट आणि ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचणे ही दुसरी गोष्ट होय. या दोहोंमधील अंतर तोडण्यासाठी केवढी खटपट करावी लागते आणि ती एकट्यादुकट्याने का पार पडत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर कावेरीकाठच्या तंजावूरकडे पाहावे. एकीकडे राजाने उभारलेला ग्रंथसंग्रह आणि दुसरीकडे ग्रंथपालांनी व ग्रंथप्रेमींनी उभारलेला संघ, या दोहोंचा इतिहास त्या एका जिल्ह्याशी जोडलेला आहे.

तंजावूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६च्या सुमारास तेथे आपली सत्ता स्थिर केली आणि पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे भोसले घराणे तेथे नांदले. दरबारात संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि मराठी या चारही भाषांना मान होता. राजकारभाराचे कागद मोडीत लिहिले जात. शहाजीराजांच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी, तेथे मराठी नाटके रचली गेली. महाराष्ट्रात रंगभूमीचा उदय होण्यापूर्वी दीडशे वर्षे ही घटना घडली. चोळांनी उभारलेल्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. तो शिलालेख आजही तेथे आहे. तमिळ देशाच्या मध्यभागी, हजार वर्षांच्या मंदिरावर, देवनागरी अक्षरांत मराठी वाचावयास मिळते, हे पाहून महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी थबकतो.

या घराण्याचे सर्वांत मोठे देणे म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. त्याचा आरंभ मराठ्यांच्याही आधी, नायक राजांच्या काळात झाला होता. भोसल्यांनी तो संग्रह जपला, वाढवला. आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी त्याला खरे वैभव प्राप्त करून दिले. सरफोजी १७९८ साली गादीवर आले. दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारशी तह होऊन राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजाचा अधिकार तंजावूरचा किल्ला व परिसर एवढ्यापुरताच उरला. राज्य गेलेल्या अनेक राजांनी शिकारीत आणि विलासात दिवस काढले. सरफोजींनी मात्र उरलेले आयुष्य विद्येला वाहिले. श्वार्त्स या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. इंग्रजीखेरीज इतर युरोपीय भाषांशीही त्यांचा परिचय होता. वैद्यक, वनस्पतिशास्त्र, खगोल, संगीत, चित्रकला, असा एकही विषय नव्हता की ज्यावरील ग्रंथ त्यांनी मागवला नाही. युरोपातून आणवलेल्या मुद्रित ग्रंथांची संख्या साडेचार हजारांच्या आसपास भरते आणि त्यांतील कित्येकांवर राजाची स्वतःची इंग्रजी सही आढळते.

हस्तलिखितांसाठी तर त्यांनी अपार श्रम घेतले. पदरी पंडित आणि लेखक ठेवून दुर्मीळ पोथ्यांच्या नकला करवून घेतल्या. १८२०मध्ये ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले आणि परतताना गंगाजलाबरोबर पोथ्याही घेऊन आले. आज त्या संग्रहात ताडपत्रे आणि कागद मिळून सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. त्यांत संस्कृत पोथ्यांचा भरणा सर्वांत मोठा असून मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या घरात आहेत.

सरफोजींची दृष्टी केवळ संग्राहकाची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. त्यांनी शाळा काढल्या. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्रात यात्रेकरूंना अन्न मिळे आणि मुलांना निरनिराळ्या भाषांचे शिक्षणही मिळे. राजवाड्यात त्यांनी देवनागरी मुद्रणालय उभारले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापनीतीचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने तेथे छापून निघाले. जगाचा भूगोल लोकांना कळावा म्हणून त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी गेय नाट्य रचले. एका भटक्या जमातीतील ज्योतिषीण देश, खंड आणि नद्या यांची नावे गाऊन सांगते, अशी त्याची योजना आहे. पाठ्यपुस्तकाचा विषय लोकप्रिय नाट्यप्रकारात बसवण्याची ही कल्पना आजच्या शिक्षकालाही मोलाची वाटेल.

तथापि एवढे सारे असूनही ते ग्रंथालय राजाचे होते. राजा गुणग्राहक म्हणून विद्वानांना तेथे प्रवेश मिळे. पण तो राजाच्या कृपेने मिळे, हक्काने नव्हे. ही व्यवस्था किती नाजूक होती, याचा प्रत्यय लवकरच आला. १८३२ साली सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली पुत्रहीन वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राज्याबरोबर राजवाड्यातील चीजवस्तूही सरकारने ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ साली तेथे निकाल झाला की, ही सार्वभौम सत्तेने केलेली कृती असल्यामुळे न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही. पुढे सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांकडे सोपवली. या सर्व घालमेलीत जडजवाहीर आणि शस्त्रे यांबरोबर पोथ्यांची कपाटेही मालमत्तेच्या यादीतील एक बाब होऊन बसली. ज्या ग्रंथांसाठी राजाने आयुष्य वेचले, त्यांचे भवितव्य वारसांच्या आणि वकिलांच्या हाती गेले.

त्या काळात ग्रंथांना आधार दिला तो सूचीने. बर्नेल नावाचे संस्कृतज्ञ न्यायाधीश तंजावूर येथे होते. त्यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची केली आणि ती १८८० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तोवर तंजावुरास काय आहे, हे तंजावुरातल्या मोजक्या लोकांनाच ठाऊक होते; सूची छापली गेल्यावर ते जगाला कळले. सूचीचे महत्त्व सामान्य वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. ग्रंथालयातील जे पुस्तक सूचीत नाही, ते वाचकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

अखेर ऑक्टोबर १९१८मध्ये राजघराण्यातील वारसांच्या संमतीने आणि मद्रास सरकारच्या आदेशाने सरस्वती महाल हे सार्वजनिक ग्रंथालय झाले. राजाची खाजगी ठेव लोकांची झाली. पण कागदावर दार उघडले म्हणून वाचक आत येत नाहीत. पुन्हा मोजणी, वर्णन, वर्गवारी यांचे काम हाती घ्यावे लागले. पी. पी. एस. शास्त्री यांनी संपादिलेली संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची १९२८ ते १९३४ या काळात एकोणीस खंडांत प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे त्या भांडाराचा बराचसा भाग अभ्यासकांच्या आवाक्यात आला.

ज्या १९२८ साली या सूचीचा आरंभ झाला, त्याच वर्षी मद्रास शहरात एक संघ जन्मास आला आणि त्याची धुरा वाहणारा माणूस याच तंजावूर जिल्ह्यातला होता.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२मध्ये तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातील शियाळी, म्हणजे आजचे सीरकाळी, या गावी झाला. वडील लहानपणीच वारले. गावच्या शाळेत शिक्षण घेऊन ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गेले, गणितात एम. ए. झाले आणि पुढे मंगळूर, कोईमतूर व मद्रास येथील सरकारी महाविद्यालयांत गणित शिकवू लागले. जानेवारी १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना आपला पहिला ग्रंथपाल नेमले. वर्गात रमलेल्या या शिक्षकाला ग्रंथालयातील शांतता असह्य झाली आणि काही दिवसांतच ते जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे जाऊन परत घेण्याची विनवणी करू लागले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे आणि तरीही मन लागले नाही तर परत यावे, असा तोडगा निघाला. ते लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले आणि तेथील शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पायाखाली घातली.

त्या प्रवासात दोन गोष्टी त्यांच्या मनावर कोरल्या गेल्या. खेळण्यांच्या दुकानात त्यांना मेकॅनोचा संच दिसला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू निरनिराळ्या रीतींनी जोडून हवी ती वस्तू बनवता येते, हे पाहून ग्रंथांच्या विषयांचे वर्गीकरणही असेच घटक जोडून करता येईल, ही कल्पना त्यांना सुचली. तीच पुढे 'द्विबिंदू वर्गीकरण' म्हणून जगप्रसिद्ध झाली. दुसरी गोष्ट याहून साधी होती. तेथे मजूर, गृहिणी, मुले, आंधळे, म्हातारे, सर्वांसाठी ग्रंथालय होते आणि ते चालवणाऱ्यांचा आपापसांत संघ होता. १९२५ साली परत आलेल्या रंगनाथनांनी महाविद्यालयात परतण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मद्रासमधील संघ हा देशातील असा पहिला प्रयत्न नव्हे. या चळवळीत मराठी राज्यकर्त्याचा वाटा फार मोठा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१०मध्ये बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. सयाजीरावांची पहिली पत्नी चिमणाबाई तंजावूरच्या राजघराण्यातली होती, हा योगायोग येथे सहज आठवतो. पण बडोद्याची योजना राजाज्ञेने चाललेली होती. लोकांनी आपणहून संघटित होण्याचा मार्ग आंध्र प्रांताने दाखवला. तेथील ग्रंथालय संघ १९१४ साली बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, स्थापन झाला. १९२१ साली पुण्यात महाराष्ट्रातील वाचनालयांचा संघ निघाला आणि १९२५ साली बंगालचा. १९२७च्या डिसेंबरात मद्रासला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्या निमित्ताने देशभरातील ग्रंथालय कार्यकर्तेही तेथे जमले आणि त्या मेळाव्यातून आलेल्या उत्साहाने जानेवारी १९२८मध्ये मद्रास ग्रंथालय संघाची स्थापना झाली. रंगनाथन त्याचे कार्यवाह झाले आणि १९४५पर्यंत ते पद त्यांनी सांभाळले.

असा संघ काढण्याची निकड का भासली, हे समजण्यासाठी त्या काळच्या ग्रंथपालाची स्थिती डोळ्यांसमोर आणली पाहिजे. ग्रंथपाल म्हणजे कुलपाच्या किल्ल्या बाळगणारा कारकून, अशीच सर्वत्र समजूत होती. पुस्तक हरवले तर त्याची भरपाई त्याने करायची. त्यामुळे पुस्तक कोणाला न देणे हेच त्याला सुरक्षित वाटे. त्याला शिक्षण नव्हते, वेतन जेमतेम होते आणि संस्थेत त्याचे मत कोणी विचारीत नसे. अशा एकट्या माणसाने सुधारणा सुचवली तर ती आगाऊपणा ठरे. तीच सुधारणा संघाच्या ठरावातून आली की तिच्यामागे प्रांतभरच्या अनुभवाचे बळ येई. या संघात केवळ ग्रंथपाल नव्हते. वकील, प्राध्यापक, समाजकार्यकर्ते हेही होते. आपल्या धंद्याचे हित पाहणारी संघटना आणि लोकांच्या वाचनाचे हित पाहणारी संघटना, अशी दोन्ही रूपे एकत्र नांदली, हेच तिचे वैशिष्ट्य ठरले. ग्रंथपालाची प्रतिष्ठा वाढली तर वाचकाची सोय होते आणि वाचक वाढले तरच ग्रंथपालाला प्रतिष्ठा मिळते, हे सूत्र तिने आरंभीच ओळखले.

संघाने पहिले काम हाती घेतले ते शिक्षणाचे. १९२९ साली उन्हाळ्यात ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू झाला. दोन वर्षांनी तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि पुढे त्याचे रूपांतर पूर्ण वर्षाच्या पदविकेत झाले. सुतार, वैद्य, वकील यांना जसे आपापले शिक्षण असते, तसे ग्रंथपालालाही असावे, ही कल्पना या वर्गाने दक्षिणेत रुजवली.

दुसरे काम साहित्यनिर्मितीचे. १९३१ साली संघाने रंगनाथनांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरील ग्रंथ काढला. त्याची प्रस्तावना तंजावूर जिल्ह्यातच जन्मलेले विख्यात कायदेपंडित सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी लिहिली. मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळीने बांधून ठेवीत असत. त्या साखळ्या गळून पडण्याचा इतिहास या ग्रंथात येतो. पहिला नियम ग्रंथ वापरला जाण्यासंबंधी आहे. त्यापुढचे दोन वाचक आणि ग्रंथ यांची एकमेकांशी गाठ घालून देण्याविषयी, चौथा वाचकाचा वेळ न दवडण्याविषयी आणि पाचवा ग्रंथालयाच्या सतत वाढीविषयी. नियम दिसायला इतके साधे की त्यांत शास्त्र ते काय, असे एखाद्याला वाटावे. पण शाळेच्या ग्रंथालयात उभे राहून ते एकेक तपासून पाहावेत. कपाटाला कुलूप असेल तर पहिला मोडला, लहान मुलांच्या हाताला फळी पोहोचत नसेल तर दुसरा मोडला, हवे ते पुस्तक शोधण्यात मधली सुट्टी संपून जात असेल तर चौथा मोडला. आज जगभरच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा हा ग्रंथ एका प्रांतिक संघाने छापला होता, ही गोष्ट विसरता कामा नये. १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरणाचा ग्रंथही याच संघाने प्रसिद्ध केला.

तिसरे काम खेड्यांचे; आणि येथे तंजावूर जिल्हा पुन्हा समोर येतो. मन्नारगुडी हे त्या जिल्ह्यातील जुने देवस्थानाचे गाव. तेथील कनकसभै पिळ्ळै या सेवानिवृत्त अभियंत्याने बैलगाडीवर ग्रंथालय बसवले. ऑक्टोबर १९३१मध्ये जवळच्या मेलवासल या खेड्यात त्या गाडीचा प्रारंभ रंगनाथनांच्या हस्ते झाला. पुस्तकांच्या फळ्या घेऊन ती गाडी कावेरीच्या कालव्यांकाठच्या भातशेतीच्या गावांतून फिरू लागली. दिवसभर शेतात राबणारा माणूस ग्रंथालयात येणार नसेल तर ग्रंथालयाने त्याच्या दारी जावे, हा विचार त्या गाडीमागे होता. राजवाड्यातील ग्रंथालय आणि ही बैलगाडी यांत फार मैलांचे अंतर नव्हते. काळाचे अंतर मात्र शतकाहून अधिक होते आणि विचाराचे त्याहूनही मोठे. सरफोजींनी जगातले ग्रंथ तंजावूरला आणले. मन्नारगुडीच्या गाडीने ते गावकऱ्याच्या अंगणात नेले. पहिल्या कामावाचून दुसरे शक्य नव्हते आणि दुसऱ्यावाचून पहिले सफळ झाले नसते.

चौथे काम सर्वांत चिवट निघाले, ते कायद्याचे. दानावर आणि उत्साहावर चाललेले ग्रंथालय दाता किंवा कार्यकर्ता गेला की बंद पडते, हे संघाने पाहिले होते. म्हणून ग्रंथालयाला कायद्याचा आणि नियमित उत्पन्नाचा आधार हवा, असा त्याचा आग्रह होता. १९३०च्या डिसेंबरात काशी येथे भरलेल्या आशियाई शिक्षण परिषदेत रंगनाथनांनी ग्रंथालय कायद्याचा आदर्श मसुदा मांडला. १९३३ साली बशीर अहमद सय्यद यांनी मद्रासच्या विधिमंडळात तसे विधेयक आणले. ते तडीस गेले नाही. मध्यंतरी मंत्रिमंडळे आली आणि गेली, महायुद्ध झाले, रंगनाथन स्वतः १९४५ साली मद्रास सोडून काशी हिंदू विश्वविद्यालयात गेले. संघ मात्र मागणी सोडावयास तयार नव्हता. अखेर अविनाशलिंगम चेट्टियार शिक्षणमंत्री असताना १९४८ साली मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा संमत झाला. स्वतंत्र भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा. मालमत्ता करावर अल्पसा ग्रंथालय उपकर बसवावा, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक ग्रंथालय प्राधिकरण असावे आणि त्याच्यामार्फत गावोगावी शाखा निघाव्यात, अशी त्याची रचना होती. संघाच्या स्थापनेपासून कायदा होईपर्यंत वीस वर्षे गेली. एका व्यक्तीच्या उत्साहाला वीस वर्षे थांबणे जड जाते. संस्थेला ते जमते, कारण एक थकला तर दुसरा त्याचे ओझे घेतो.

मराठी श्रोत्यांनी येथे एक गोष्ट अभिमानाने आणि एक गोष्ट विचारपूर्वक लक्षात घ्यावी. अभिमानाची गोष्ट ही की, मद्रासच्याही तीन वर्षे आधी, १९४५ साली, कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. भारतातील तो अशा प्रकारचा पहिलाच कायदा होता. तंजावूर आणि कोल्हापूर ही भोसले कुळाचीच दोन घरे. एकाने ग्रंथभांडार दिले, दुसऱ्याने कायदा दिला. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, संस्थान विलीन झाल्यावर कोल्हापूरचा कायदा मागे पडला आणि महाराष्ट्राला आपला ग्रंथालय कायदा मिळावयास १९६७ साल उजाडले. रत्नागिरीचे वाचनालय १८२८चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. एवढी जुनी परंपरा असूनही कायद्याला इतका उशीर झाला.

दोन्ही राज्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. तमिळनाडूत उपकराचे उत्पन्न आणि शासनाच्या शाखा आहेत. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. पहिल्या पद्धतीत उत्पन्नाची शाश्वती असते, पण गावकऱ्यांचा जिव्हाळा कमी पडण्याचे भय असते. दुसऱ्या पद्धतीत जिव्हाळा असतो, पण अनुदान रखडले की ग्रंथपालाचे तुटपुंजे मानधनही रखडते. यांपैकी निर्दोष अशी एकही नाही. मद्रासच्या संघाचा धडा एवढाच की, कायदा झाला म्हणजे काम संपले असे मानू नये. कायद्यावर पहारा ठेवणारे संघटित लोक नसतील तर तोही कपाटातल्या पोथीसारखा पडून राहतो.

रंगनाथन पुढे दिल्लीला आणि अखेरीस बंगळूरला गेले. तेथे १९६२ साली त्यांनी प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षणाचे केंद्र स्थापन केले. १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि १९७२ साली त्यांचे निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, ते उचितच आहे. परंतु त्यांची प्रतिभा एकटीने एवढे काम करू शकली नसती. तिला छापणारे, शिकणारे, गाडी हाकणारे आणि विधिमंडळात बोलणारे असंख्य हात त्या संघाने मिळवून दिले.

आता तंजावूरच्या मराठीकडे पुन्हा एकदा वळू. भोसलेकालीन राज्यकारभाराच्या मोडी कागदांचे तेराशेहून अधिक गठ्ठे तेथे उरले. त्यांत छत्रांचे हिशेब आहेत, कलावंतांच्या नेमणुका आहेत, ग्रंथांच्या खरेदीच्या नोंदी आहेत. म्हणजे एका संपूर्ण समाजाचे दैनंदिन जीवन त्यांत साठलेले आहे. हे कागद मराठी भाषेत आहेत, पण मोडी लिपी सराईतपणे वाचणारे महाराष्ट्रातच विरळा, तमिळनाडूत तर अधिकच विरळा. तंजावूरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे घरात अजून आपली दक्षिणी मराठी बोलतात, पण त्यांतील बहुतेकांचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झालेले आहे. कागद जपले गेले, दार उघडले गेले, सूच्याही झाल्या. आता उणीव आहे ती वाचकाची. ग्रंथाला योग्य वाचक मिळाला पाहिजे, हे शास्त्र ज्या जिल्ह्याच्या सुपुत्राने जगाला शिकवले, त्याच जिल्ह्यात शेकडो वर्षांचे मराठी कागद वाचकाची वाट पाहत आहेत. तो वाचक मराठी माध्यमाच्या शाळांतूनच निर्माण होऊ शकतो, कारण ज्याची मराठी पक्की आहे त्याला मोडीची अक्षरे काही महिन्यांच्या अभ्यासाने वळणी पडतात. या शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी दोघा-चौघांनी जरी हा मार्ग धरला तरी त्याचे मोल फार मोठे आहे.

विद्यार्थी मित्रहो, हीरक महोत्सवाच्या वर्षी शाळेला भेटी मिळतात आणि त्यांत पुस्तकेही असतात. ती स्वीकारताना तंजावूरचा इतिहास स्मरावा. पुस्तके मिळवणे ही सरफोजींची पायरी झाली. त्यांची सूची करणे ही बर्नेल आणि शास्त्री यांची. ती खुल्या फळीवर ठेवून हाती देणे ही रंगनाथनांची आणि जो येत नाही त्याच्याकडे घेऊन जाणे ही मन्नारगुडीच्या गाडीवानाची. या चारही पायऱ्या शाळेच्या एका खोलीतही चढता येतात. प्रत्येक वर्गातून दोन विद्यार्थी पुढे आले, शिक्षक-ग्रंथपालांच्या हाताखाली त्यांनी नोंदवही सांभाळली, आठवड्यातून एकदा पुस्तकांची पेटी वर्गात नेली आणि वर्षअखेरीस किती पुस्तके आहेत याऐवजी किती पुस्तके वाचली गेली याचा आकडा अहवालात दिला, तर तोही एक लहानसा ग्रंथालय संघच होईल. मद्रासचा संघही आरंभी काही मोजक्या माणसांचाच होता.

शाळेच्या पुढील वाटचालीत तिच्या ग्रंथालयाला कधी कुलूप न लागो आणि तिच्या अहवालातील ती एक ओळ वर्षानुवर्षे लांबत जावो, ही शुभेच्छा.